दातांच्या दवाखान्यातला ईल

८ ऑगस्ट. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि मी ओट्यावर स्क्विड चिरत होते. एरवी हे काम मी खाऊ घालण्याच्या दिवशीच करते. पण दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती, आणि आमच्या घरात नागपंचमीला काही चिरत नाहीत, तवा चढवत नाहीत. पुरणाची दिंडं उकडायची आणि खायची. माझा त्यावर फार विश्वास आहे असं नाही, पण वर्षातून एक दिवस सुरी बाजूला ठेवल्याने कोणाचं काही बिघडत नाही, म्हणून सासूबाईंनी घालून दिलेलं तसंच चालू ठेवलंय. नवरा स्वयंपाकघराच्या दारात नाक दाबून उभा होता.

"इकडे पुरणाची डाळ आणि तिकडे हे! पाळायचं तर पूरा पाळ ना."

"हे उद्या डॉक्टरांच्या ईलला द्यायचंय. तुला नाही देत."

"मला देऊ भी नकोस."

तुकडे डब्यात भरले, डबा फ्रीजरमध्ये खालच्या कप्प्यात ठेवला आणि ओटा दोनदा धुतला.

हे काम माझ्याकडे कसं आलं ते सांगते. इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं पाणी तपासायचं काम केलं. कारखाना दुसरीकडे गेला, मी गेले नाही. पाण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं, म्हणून लोकांच्या माशांच्या टाक्या सांभाळायला लागले. ऑफिसं, हॉटेलं, दवाखाने. बहुतेक टाक्या गोड्या पाण्याच्या असतात. खाऱ्या पाण्याची हौस इंदूरमध्ये पुष्कळांना येते आणि सहा महिन्यांत उतरते, कारण समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासावर आहे आणि घरात तो मीठ मोजून बनवावा लागतो. ज्यांची हौस टिकली त्यांत सुदामा नगरमधले हे दातांचे डॉक्टर.

डॉक्टरांना बाहेर बसलेल्या पेशंटांचं लक्ष आतल्या ड्रिलच्या आवाजावरून हटवायचं होतं. त्यांनी हजार लिटरची टाकी बसवली आणि मुंबईच्या व्यापाऱ्याकडून एक ईल मागवला. इंग्रजीत त्याला मोरे ईल म्हणतात. कोकणात वाम म्हणून जो सापासारखा लांब मासा मिळतो, तसाच दिसायला. पण हा प्रवाळात, कपारीत राहणारा, आणि अंगावर नक्षी अशी की आपल्या धारच्या बाग छापाची चादर आठवावी. पांढुरकं अंग, त्यावर काळे ठसे दाटीवाटीने, आणि मधून पांढऱ्या रेघांचं जाळं, मधाच्या पोळ्यासारखं. आला तेव्हा माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत होता. सहा वर्षांत पावणेपाच फूट झाला आणि मांडीइतका जाड. टाकीतले बाकीचे मासे त्याने पहिल्या दोन वर्षांत संपवले. राहिल्या फक्त दोन कोळंब्या, लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेल्या. त्या त्याच्या उघड्या तोंडात शिरून दात साफ करतात आणि तो त्यांना खात नाही. डॉक्टर प्रत्येक नव्या पेशंटला हे दाखवतात. "देखिए, इसकी भी रोज़ सफ़ाई होती है. और आप साल में एक बार नहीं आते."

ईलचं तोंड सारखं उघडतं आणि मिटतं. लोकांना वाटतं तो चिडलाय. चिडलेला नसतो, श्वास घेत असतो. त्याला पोहायच्या पंखांची जोडी नाही, अंगाला खवले नाहीत, नजर अधू आणि नाक मात्र तल्लख. दात आत वळलेले. घशात जबड्यांची आणखी एक जोडी असते, ती पुढे येऊन घास आत ओढते. म्हणून मी त्याला दीड फुटी चिमट्याने खाऊ घालते आणि हात टाकीत घालायच्या आधी तो कुठे आहे ते बघते. प्रेम वगैरे शब्द मी वापरत नाही. पण आठवड्यातून दोनदा, सहा वर्षं, एवढ्या वेळा मी सख्ख्या भावालाही भेटलेले नाही.

नागपंचमीच्या दिवशी साडेअकराला दिंडं चाळणीत ठेवली आणि फोन वाजला. डॉक्टरांच्या रिसेप्शनवरची मुलगी होती.

"दीदी, टंकी में से झाग निकल रिया है."

"किती?"

"पूरे फर्श पे. दो पेशंट तो भाग लिए."

"पाणी कसं दिसतंय? साफ आहे?"

"सफेद. एकदम दूध जैसा."

"आणि ईल?"

"मुँह ऊपर करके खड़ा है, दीदी. ऐसा तो कभी नहीं करता."

गॅस बंद केला. ईल वर तोंड काढतो तेव्हा पाण्यात प्राणवायू उरलेला नसतो. छत्रीबागेतून सुदामा नगर स्कूटरने वीस मिनिटं. निघताना नवऱ्याला फोन केला. त्याचं पोलोग्राउंडला छोटं वर्कशॉप आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत माझे साडेपाच फूट लांबीचे दोन आडवे निळे ड्रम कायम भरलेले असतात, प्रत्येकी अडीचशे लिटर खारं पाणी. बायका दही विरजून ठेवतात तसं मी पाणी मुरवून ठेवते, कारण मीठ घातल्या घातल्या ते वापरता येत नाही, निदान रात्रभर हवा सोडून फिरवावं लागतं.

"दोन्ही ड्रम पाठव. आणि सहा इंची पाइपचा तुकडा, पाच फुटी. दोन्ही टोकांना लावायला प्लास्टिकची जाळी आणि पट्टे."

"काय झालं?"

"पोहोचल्यावर कळेल."

दवाखान्यात शिरले तर टाकीसमोर दहा-बारा बायका उभ्या, नव्या साड्या, हातात पूजेची ताटं. काचेवर हळदकुंकवाची बोटं. पाणी ताकासारखं पांढरं, वर लाह्या तरंगताहेत. स्किमर नावाचं एक यंत्र असतं, ते बारीक बुडबुडे सोडून पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढतं. एरवी दिवसाला कपभर काढतं. आज ते बादलीभर फेस जमिनीवर ओकत होतं. आणि कोपऱ्यात ईल, अर्धं डोकं पाण्याबाहेर, तोंड इतकं भराभर उघडमीट करत होता की मला मोजता येईना.

"दूध कोणी घातलं?"

मग डॉक्टरांच्या आई पुढे आल्या. अठ्ठ्याहत्तरीच्या आहेत, दवाखान्याच्या वरच राहतात, मी त्यांना काकू म्हणते.

"मी घातलं. आधी मीच घातलं. मग ह्यांनी. अगं, पहिले गारुडी यायचा गल्लीत टोपली घेऊन. आता येत नाही, कायदा आहे म्हणे. इतकी वर्षं आम्ही कागदावरच्या नागोबाला वाहतो. म्हटलं, यंदा घरात साक्षात आहे तर कागदाला कशाला?"

"काकू, हा नाग नाही! मासा आहे! कोणी सांगितलं तुम्हाला नाग म्हणून?"

"तूच सांगितलंस."

मला आठवलं. वैशाखातली गोष्ट. मी नळीत औषधाचे थेंब मोजत होते. त्यात मध्ये बोललं की मोजणी चुकते. काकू शेजारी स्टुलावर बसून विचारत होत्या, "हा नागाच्याच जातीतला ना गं?" आणि मी, सातवा की आठवा थेंब चालू असताना, म्हणाले होते, "हो, तसंच समजा."

काकूंनी तसंच समजलं. बुधवारच्या भजनात सगळ्यांना सांगितलं. चूक माझी होती, आणि त्यावर बोलत बसायला वेळ नव्हता.

"दूध कशातून आणलं? तांब्याच्या भांड्यातून?"

"छे!" तीन-चार जणी एकदम म्हणाल्या. काकू तर दुखावल्याच. "तांब्यातून दूध वाहतात का कधी? इतकं तर कळतं आम्हाला. स्टील, नाहीतर चांदी."

तेवढ्यानेच वाचलो. तांबं खाऱ्या पाण्यात उतरलं तर कोळंब्या तासाभरात मरतात आणि ईल नंतर. दुधाचा बंदोबस्त करता येतो, तांब्याचा होत नाही. प्रत्येकीला किती घातलं ते विचारून बेरीज केली. साधारण पाच लिटर. पाण्यात दूध कुजायला लागलं होतं आणि कुजताना प्राणवायू खात होतं. ईलला संध्याकाळच्या आत दुसऱ्या पाण्यात नेलं नसतं तर तो त्या टाकीतच गेला असता.

डॉक्टर आतून बाहेर आले, मास्क हनुवटीवर. "ताई, वाचेल?"

"माहीत नाही. ड्रम येईपर्यंत हवा वाढवते. तुमच्याकडे हवेचा कंप्रेसर आहे ना, दातांवर फुंकर मारता तो? त्याची हवा चालेल? तेल येतं का त्यातून?"

"बिना तेलाचा आहे."

"मग एक नळी इकडे ओढा."

त्यांनी ओढली. ज्या हवेने ते लोकांच्या दाढा सुकवतात ती टाकीत बुडबुडायला लागली. मी खिडकीतून सायफनची नळी बाहेर सोडली आणि पांढरं पाणी गटारात जाऊ लागलं. बायका अजून तिथेच. त्यांना वाटत होतं मी त्यांना हाकलीन. मी म्हणाले, "कोणाकडे आरओच्या पाण्याचे जार येतात?"

पाच हात वर झाले.

"जारवाल्याला फोन करा. चाळीस जार हवेत, आत्ता. आणि मंदिराच्या भंडाऱ्यातले प्लास्टिकचे मोठे पिंप असतील तर ते धुऊन आणा. साबण लावायचा नाही. पितळ, तांबं, अल्युमिनियम काही नको."

पंधरा मिनिटांत फोनवरून फोन गेले. "अरे भिया, चाळीस मतलब चालीस! शादी नहीं है, नागोबा बीमार है, तू ला बस!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

माझे ड्रम एक वाजता लोडिंग रिक्षातून आले. एक ड्रम ईलसाठी मागच्या खोलीत लावला, त्यात हवेची नळी सोडली. आता ईलला पकडायचं. जाळं वापरता येत नाही, अंगावरचा चिकट थर निघाला की जखमा होतात, आणि जाळ्यात अडकलेला ईल कोणाला चावेल सांगता येत नाही. त्याला आपण होऊन भोकात जायला लावायचं असतं. घाबरला की त्याला कपार हवी असते. मी पाइपचं एक टोक जाळीने बंद केलं, पाइप पाण्यात आडवा सोडला आणि उघडं तोंड हळूहळू त्याच्या शेपटीजवळ नेलं. दिसत काहीच नव्हतं. पांढऱ्या पाण्यात माझे कोपरापर्यंतचे हात आणि त्यापलीकडे कुठेतरी त्याचं तोंड.

दहा मिनिटं गेली. त्याने पाइपला अंग घासलं आणि परत वर गेला.

"चल बाबा, जा आत," काकू म्हणाल्या. "तुझ्या भल्याचंच आहे."

मागून कोणीतरी म्हणालं, "काकू, सुनेला बोलता तसं बोला, लगेच जाईल!"

"सून ऐकते होय? ती तर माहेरी गेली!"

हसू फुटलं. मी "हलू नका" म्हणून ओरडले. आणखी दहा मिनिटं. मग पाइप माझ्या हातात जड झाला. आधी शेपटीकडून की डोक्याकडून ते कळलं नाही, पण आत कोणीतरी स्थिरावत होतं. उघड्या टोकावर जाळी चढवली, पट्टा आवळला.

पाण्यासकट पाइप मला एकटीला उचलेना. डॉक्टरांनी एक टोक धरलं, तरी मध्ये वाकत होता. तेवढ्यात आतल्या खुर्चीवरचा पेशंट बाहेर आला, गळ्यात निळा कागद, गालात कापसाचा बोळा. नोकरीसाठी रत्नागिरीकडून नुकताच इंदूरला आलेला. त्याने न विचारता मधला भाग उचलला. ड्रमपर्यंत पोहोचताना त्याने जाळीतून आत डोकावलं आणि बधिर तोंडाने म्हणाला, "आमच्याकडे असल्याचं कालवण करतात."

"हे राम!" रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.

"खोबरं आणि तिरफळ घालून," तो म्हणाला आणि परत खुर्चीवर जाऊन बसला.

ईल पाइपसकट ड्रममध्ये गेला. चार दिवसांत त्याने काही खाल्लेलं नव्हतं, हे बरं झालं. भरल्या पोटी असता तर ओकला असता आणि तेही पाणी खराब झालं असतं. कोळंब्या शोधल्या. एक दगडाखाली मिळाली, तिला वेगळ्या डब्यात ठेवलं. दुसरी तळाशी मेलेली होती. ती काढून टाकली.

दुपारभर टाकीचं काम. जवळजवळ सगळं पाणी उपसलं, दगड माझ्या दुसऱ्या ड्रमातल्या खाऱ्या पाण्याने धुतले, तळाची वाळू बादल्यांनी बाहेर काढून टाकली. जार आले. तीन पिंपांत पाणी ओतलं, मीठ मी मोजून घातलं आणि बायकांनी पाळीपाळीने भंडाऱ्याच्या लाकडी डावाने ढवळलं. त्या दिवशी घरोघरी चूल थंडच होती, सगळ्यांचा उकडलेला स्वयंपाक सकाळीच झालेला, त्यामुळे कोणाला घाई नव्हती. एकीने घरून दिंडं आणली, तूप घालून. उभ्या उभ्या खाल्ली. माझी घरी चाळणीत कच्चीच पडली होती.

काकू स्टुलावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "आता मोजत नाहीयेस ना काही?"

"नाही. विचारा."

त्यांनी विचारलं. तो विषारी आहे का, पिल्लं देतो की अंडी, माणसाला ओळखतो का, किती जगतो. मी सगळ्याची उत्तरं दिली, माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाले. विष नसतं, पण चावला तर जखम चिघळते. अंडी घालतो, बारीक, आणि ती समुद्रात वाहत जातात. माणसाला ओळखतो की नाही ठाऊक नाही, माझ्या चिमट्याला ओळखतो.

"मग नागोबा नाही."

"नाही."

"पण आहे देखणा."

"ते आहेच."

सात वाजता मी ड्रममधलं पाणी तपासलं, हवेच्या नळीला बॅटरीवर चालणारा दुसरा पंप जोडला, लाइट गेली तरी चालू राहावा म्हणून. ईलचं तोंड मिनिटाला चाळीस वेळा उघडत होतं. नेहमी वीस-बावीस. रात्री लक्ष कोणी ठेवायचं हा प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले मी थांबतो. काकू म्हणाल्या, "तू सकाळी लोकांच्या तोंडात सुया घालणार. झोप. मला तशीही चारला जाग येते. मोजायचं कसं ते सांग." मी घड्याळ समोर धरून मोजायचं कसं ते सांगितलं. त्यांनी तीन वेळा माझ्यासमोर मोजून दाखवलं. तिन्ही बरोबर.

मी घरी गेले. कच्ची दिंडं उकडली. नवऱ्याने एक जास्त वाढून घेतलं.

सकाळी साडेपाचला फोन वाजला. मी अंथरुणात उठून बसले. वाटलं, गेला.

"चोवीस," काकू म्हणाल्या. "चारला अठ्ठावीस होते. आता चोवीस. मी दोनदा मोजलं."

साडेसहाला मी तिथे होते. पिंपांमधलं पाणी रात्रभर फिरून स्वच्छ झालं होतं. ते टाकीत सोडलं, दगड परत रचले, वाळू न घालता तळ मोकळाच ठेवला. तासभर पंप चालवला आणि पाणी तपासलं. नळीतला रंग पिवळा आला, म्हणजे अमोनिया नाही. हिरवा आला असता तर त्याला आणखी एक दिवस ड्रममध्ये ठेवावं लागलं असतं, आणि त्या ड्रममध्ये आणखी एक दिवस तो टिकला असता असं मला वाटत नाही. डॉक्टर आणि मी पाइप उचलून टाकीत सोडला. एका टोकाची जाळी सोडली.

तो बाहेर येईना. मी उभी राहिले नाही. काचेवरचं हळदकुंकू ओल्या फडक्याने पुसलं, स्किमरचा कप घासला, कोळंबीला डब्यातून टाकीत सोडलं. ती थेट पाइपच्या तोंडाशी गेली आणि मिशा आत घालून उभी राहिली. पाऊण तासाने आधी नाक दिसलं, मग ती नक्षी, हळूहळू, हातभर, दोन हात, आणि मग सगळाच्या सगळा सरकत मागच्या दगडात गेला. फक्त डोकं बाहेर ठेवलं आणि तोंड उघडमीट करत राहिला. मी मोजलं. बावीस.

काकूंना वर जाऊन झोपायला सांगितलं. ड्रम गोड्या पाण्याने दोनदा धुतला, पालथा घातला, पाइप कोरडा केला, आणि पुढच्या टाकीकडे निघाले. तिथे नुसती काच पुसायची होती.